गोळीतला नेमका कोणता ‘ब’?

प्रश्न : माझे वय ४६ आहे. सात वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते आणि तीन वर्षांपासून जवळपास रोज सकाळी आम्लपित्ताची गोळी घेते. मी शाकाहारी आहे आणि दूध पचत नाही म्हणून तेही फारसे घेत नाही. गेल्या वर्षभरात लवकर थकवा येऊ लागला, पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा नात्यातल्या एकांच्या सांगण्यावरून पाच महिन्यांपूर्वी जास्त ताकदीचे बी-कॉम्प्लेक्स सुरू केले. पहिले काही आठवडे हुशारी वाटली, पण मुंग्या थांबल्या नाहीत, म्हणून दोन महिन्यांपासून एकाऐवजी दोन गोळ्या घेते. केस गळतात म्हणून बायोटिनची वेगळी गोळीही चालू आहे. ‘ब’ जीवनसत्त्व अंगात साठत नाही, जास्तीचे लघवीवाटे निघून जाते असे म्हणतात, आणि लघवी पिवळीधमक होते त्यावरून ते खरेही वाटते. मग या गोळ्या आयुष्यभर घेतल्या तर बिघडते कुठे? की सरळ इंजेक्शनेच घ्यावीत? दोन्ही बाटल्यांच्या लेबलांचे फोटो सोबत पाठवत आहे.

उत्तर : तुम्ही लेबलांचे फोटो पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या बारीक अक्षरांतच आहे. पण ते उलगडून सांगण्याआधी जे लगेच करायचे आहे ते सांगते. दोन्ही बाटल्या आजपासून बाजूला ठेवा. त्या एकदम बंद केल्याने कोणताही अपाय होत नाही. मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटून पायांच्या मुंग्यांबद्दल स्पष्ट सांगा व रक्तातील बी-१२ तपासून घ्या. ही घाई मी मुद्दाम करायला सांगते आहे. थकवा चार आठवडे थांबू शकतो, पण मज्जातंतूंना होणारी इजा थांबत नाही, आणि जितकी जुनी होईल तितकी ती पूर्णपणे भरून येण्याची शक्यता कमी होत जाते.

आता बी-कॉम्प्लेक्सचे लेबल पाहू. ‘ब’ हे एका जीवनसत्त्वाचे नाव नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पाण्यात विरघळणारा एकच पदार्थ असावा असे मानले जात होते. पुढे त्यातून एकेक घटक वेगळा होत गेला आणि शेवटी आठ निघाले. थायमिन, रायबोफ्लेविन, नायसिन, पँटोथेनिक आम्ल, पायरिडॉक्सिन, बायोटिन, फोलेट आणि कोबालामिन हे ते आठ. पाण्यात विरघळणे आणि पेशींतील रासायनिक क्रियांना हातभार लावणे एवढे सोडले तर त्यांच्यात फारसे साम्य नाही. त्यांची गरज वेगळी, शरीरात शिरण्याची वाट वेगळी, कमतरतेची लक्षणे वेगळी आणि अतिरेकाचे परिणामही वेगळे. म्हणून ‘ब जीवनसत्त्व घ्यावे का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. तुमच्या बाबतीत तर मला असे दिसते की या आठांपैकी एकाची तुम्हाला कमतरता असण्याची दाट शक्यता आहे, ते तुमच्या गोळीत पुरेसे नाही, आणि ज्याची तुम्हाला मुळीच गरज नव्हती असे दुसरे त्याच गोळीतून गरजेच्या कितीतरी पट जात आहे.

कमतरतेचा संशय आहे तो बी-१२ चा, म्हणजे कोबालामिनचा. प्रौढ माणसाला त्याची गरज दिवसाला जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम असते, पण ते पोटातून रक्तात पोहोचण्याची वाट फार लांब आहे. अन्नातील बी-१२ प्रथिनाला चिकटलेले असते. जठरातील आम्ल आणि पाचक रस त्याला सोडवतात. मग जठराच्या अस्तरातूनच स्रवणारे एक विशिष्ट प्रथिन, ज्याला इंट्रिन्सिक फॅक्टर म्हणतात, त्याला धरून ठेवते आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत नेते, आणि तिथेच ते शोषले जाते. या साखळीतली एक कडी निखळली तरी पुरवठा तुटतो. तुमच्या पत्रात तीन कड्या एकदम सैल झालेल्या दिसतात. पहिली म्हणजे आहार : बी-१२ मांस, मासे, अंडी आणि दुग्धजन्य पदार्थांत असते, वनस्पतिजन्य अन्नात ते भरवशाचे मिळत नाही, आणि तुम्ही दूधही घेत नाही. दुसरी म्हणजे आम्लपित्ताची गोळी, जी जठरातील आम्लच कमी करते आणि त्यामुळे अन्नातले बी-१२ सुटे होण्यात अडथळा येतो. तिसरी म्हणजे मेटफॉर्मिन, जे आतड्याच्या त्या शेवटच्या टप्प्यावरील शोषण कमी करते. मेटफॉर्मिन हे उत्तम औषध आहे आणि त्याबद्दल तुमच्या मनात शंका पेरण्याचा माझा हेतू नाही. परंतु ते अनेक वर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ ठरावीक काळाने तपासावे, विशेषतः मुंग्या किंवा रक्तक्षय असेल तर तपासावेच, असे मधुमेहाच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. सात वर्षांत तुमची ही तपासणी एकदाही झाल्याचा उल्लेख पत्रात नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती याच गोष्टीची.

अशा माणसाची कमतरता लगेच कळून येत नाही, कारण यकृतात बी-१२ चा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो. तो हळूहळू संपतो, आणि संपत आल्यावर दिसणारी लक्षणे (थकवा, मुंग्या, विसराळूपणा, चालताना तोल जाणे, जीभ लाल होऊन जळजळणे) वयाच्या, ताणाच्या किंवा मधुमेहाच्या नावावर सहज खपून जातात. ‘‘ब’ अंगात साठत नाही’ ही समजूत बी-१२ च्या बाबतीत अशी पूर्णपणे चुकीची ठरते.

तुमच्या गोळीत बी-१२ आहे, पण १५ मायक्रोग्रॅम. २.४ च्या मानाने हा आकडा भरपूर वाटतो. अडचण अशी की इंट्रिन्सिक फॅक्टरच्या वाटेने एका वेळी फार तर दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जाऊ शकते, आणि तुमच्या बाबतीत नेमकी तीच वाट मेटफॉर्मिनमुळे अरुंद झालेली असण्याची शक्यता आहे. त्या वाटेशिवाय आपोआप झिरपून जे शोषले जाते ते एकूण मात्रेच्या सुमारे एक टक्का असते. १५ चा एक टक्का म्हणजे जवळजवळ काहीच नाही. कमतरतेसाठी डॉक्टर तोंडाने घेण्याची गोळी देतात तेव्हा ती १,००० मायक्रोग्रॅमची किंवा त्याहून अधिक मात्रेची असते ती याच हिशेबाने : तिचा एक टक्का, सुमारे १० मायक्रोग्रॅम, त्या झिरपण्याच्या वाटेनेही आत पोहोचतो आणि दिवसाची गरज भागवतो.

आता त्याच लेबलवरची दुसरी ओळ. पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड, ५० मिलिग्रॅम. हे बी-६. तुमच्या वयाच्या स्त्रीची गरज दिवसाला सुमारे १.३ मिलिग्रॅम असते आणि ती साध्या मिश्र आहारातून बहुधा भागते. दोन गोळ्यांतून तुम्ही १०० मिलिग्रॅम घेत आहात, म्हणजे गरजेच्या सत्तर पटींहून अधिक. यातले जास्तीचे सगळे लघवीवाटे निरुपद्रवीपणे निघून जाते असे समजू नका. बी-६ चा अतिरेक संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंना इजा करतो, आणि त्याची लक्षणे म्हणजे हातापायांना मुंग्या, बधिरपणा, जळजळ आणि चालताना तोल जाणे. १९८३ साली दिवसाला २ ते ६ ग्रॅम बी-६ घेणाऱ्या सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली तेव्हा हा धोका ठळकपणे समोर आला. त्यानंतर त्याहून कितीतरी कमी मात्रेतही तो दिसत गेला. अमेरिकेत दिवसाला १०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने ५० मिलिग्रॅमहून कमी मात्रेतही मज्जातंतूंना इजा झाल्याच्या नोंदी घेतल्या आहेत. प्रत्येकाला हा त्रास होतो असे नाही. पण ज्या मुंग्यांसाठी गोळी सुरू केली त्याच मुंग्या त्या गोळीने येऊ शकतात, आणि मग त्या थांबत नाहीत म्हणून माणूस गोळी वाढवतो, हे चक्र मी माझ्या रुग्णांमध्ये पाहिले आहे. तुमचे पत्र वाचताना दुसऱ्या गोळीच्या वाक्याशी मी थांबले ती याच कारणाने.

या मुंग्यांना तिसरे कारणही असू शकते, ते म्हणजे खुद्द मधुमेह. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली तरी पायांच्या बोटांपासूनच बधिरता सुरू होते. म्हणजे बी-१२ ची कमतरता, बी-६ चा अतिरेक आणि मधुमेह, ही तिन्ही कारणे तुमच्या पायांत एकाच तऱ्हेने बोलतात, आणि दोन कारणे एकत्रही असू शकतात. घरी बसून, केवळ कसे वाटते यावरून, त्यांतले कोणते हे तुम्हालाच काय, अनुभवी डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

म्हणून तपासणी. ती कशी असते हे थोडे सविस्तर सांगते, म्हणजे ती झाली की नाही हे तुम्हाला कळेल. तुम्हाला पायमोजे काढायला सांगतील. डॉक्टर एक धातूचा नादकाटा तळहातावर आपटून त्याचा दांडा तुमच्या अंगठ्याच्या सांध्यावर टेकवतील आणि डोळे मिटून ‘थरथर थांबली की सांगा’ असे म्हणतील. निरोगी माणसाला ती थरथर काही सेकंद हाडातून स्पष्ट जाणवत राहते. बी-१२ च्या कमतरतेत ती लवकर हरवते किंवा जाणवतच नाही, आणि काटा घोट्यावर किंवा नडगीवर नेला की पुन्हा उमटते. त्यावरून इजा कुठपर्यंत चढली आहे याचा अंदाज येतो. नंतर पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहायला सांगतील. अंगठा वर केला की खाली, हे न बघता ओळखायला सांगतील. एवढ्याला पाच मिनिटे लागतात. तुमच्या डॉक्टरांनी यातले काही केले नाही, तर ‘पायांची संवेदना तपासाल का’ असे आपण होऊन विचारण्यात काही गैर नाही.

रक्ताच्या तपासणीत बी-१२, संपूर्ण रक्तगणना, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि थायरॉइड यांचा विचार व्हावा. आणि इथे तुमची दुसरी बाटली आडवी येते. तिच्यात बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम आहे. दिवसाला पुरेसे मानले जाणारे प्रमाण ३० मायक्रोग्रॅम आहे. ज्याला बायोटिनची खरी कमतरता नाही, आणि ती फार क्वचित असते, त्याचे केस या गोळीने वाढतात याला भक्कम पुरावा नाही. पण त्याहून महत्त्वाचे असे की रक्ताच्या कित्येक चाचण्यांच्या पद्धतीतच बायोटिनचा वापर केलेला असतो, आणि रक्तात ते इतके जास्त असले की यंत्र चुकीचा आकडा दाखवते. थायरॉइडचा अहवाल असा येऊ शकतो की जणू ग्रंथी अतिसक्रिय आहे. काही पद्धतींत बी-१२ प्रत्यक्षात असते त्यापेक्षा जास्त दिसते. हृदयविकाराच्या झटक्यात तपासले जाणारे ट्रोपोनिन खोटे कमी दिसू शकते, आणि याविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला होता. तेव्हा बायोटिन बंद केल्यावर किमान दोन-तीन दिवस जाऊ द्या, मगच रक्त द्या, आणि आपण काय काय घेत होतो ते डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेलाही सांगा. केस गळण्याचे कारण याच भेटीत शोधता येईल. लोहाची कमतरता आणि थायरॉइड ही दोन कारणे त्यासाठी आधी पाहावीत.

बी-१२ चा आकडा साधारणतः २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असला की कमतरता मानतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तुम्ही पाच महिने थोडे का होईना बी-१२ घेतले आहे, त्यामुळे रक्तातला आकडा जरा चढलेला आणि पेशी मात्र उपाशी असे होऊ शकते. आकडा संशयाच्या पट्ट्यात आला तर मिथाइलमॅलोनिक आम्लाची चाचणी उपयोगी पडते, कारण पेशींना बी-१२ खरोखर कमी पडत असेल तर ते आम्ल वाढते. आणि हिमोग्लोबिन उत्तम आले म्हणून निश्चिंत होऊ नका, किंवा कोणी तसे सांगितले तर मानू नका. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात बी-१२ च्या कमतरतेमुळे मज्जासंस्थेचा त्रास झालेल्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांना रक्तक्षय नव्हता किंवा त्यांच्या तांबड्या पेशी मोठ्या झालेल्या नव्हत्या. तुमच्या गोळीत असलेले फॉलिक आम्ल हा घोटाळा आणखी वाढवते : ते रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची इजा थांबवत नाही. रक्त चांगले दिसते आणि पाय बिघडत जातात. केवळ फॉलिक आम्लावर बी-१२ च्या रुग्णांचे उपचार करण्याचा प्रयत्न १९४० च्या दशकात झाला होता, आणि तेव्हा नेमके हेच घडले होते.

इंजेक्शन की गोळी, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर तपासणीनंतरच देता येईल, पण दिशा सांगते. कमतरता सिद्ध झाली आणि मज्जातंतूंची लक्षणे असली, तर सुरुवातीला इंजेक्शने देण्याकडे बहुतेक डॉक्टरांचा कल असतो, आणि मलाही तेच योग्य वाटते, कारण इथे वेळ महत्त्वाचा आहे आणि इंजेक्शनाला आतड्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही. आधी थोड्या दिवसांच्या अंतराने, मग लांबवत नेऊन पुढे मोठ्या मात्रेच्या गोळीवर येता येते. लक्षणे सौम्य असतील तर १,००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळीही बऱ्याच जणांत इंजेक्शनाइतकेच काम करते. मिथाइलकोबालामिन चांगले की सायनोकोबालामिन, यावरून फार वाद ऐकू येतात. शरीर दोन्हींचे रूपांतर पेशींत हव्या त्या रूपात करते, आणि एक दुसऱ्यापेक्षा निश्चित सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. जे डॉक्टर लिहून देतील ते नियमित घ्या.

पहिल्या आठवड्यांतल्या हुशारीबद्दल. ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे स्वतः ऊर्जा देत नाहीत. अन्नातून ऊर्जा मोकळी करणाऱ्या क्रियांना ती मदत करतात. कमतरता असेल तर ती भरून निघाल्यावर थकवा जातो, पण गरज भागल्यावर आणखी घातल्याने आणखी ताकद येत नाही. तुम्हाला वाटलेली हुशारी खोटी होती असे मी म्हणत नाही. स्वतःसाठी काहीतरी करतो आहोत या भावनेनेही माणसाला बरे वाटते. पण तिच्या आधारावर मात्रा दुप्पट करणे योग्य नव्हते. लघवीचा पिवळा रंग हा केवळ रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ चा आहे. त्यावरून बाकीच्या सातांचे काय झाले ते कळत नाही.

याचा अर्थ ‘ब’ च्या गोळ्या कोणीच घेऊ नयेत असा नाही. प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्यांनी बी-१२ नियमित घ्यायलाच हवे. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने किमान महिनाभर आधीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे. बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष त्याने टळतात हे पक्के सिद्ध आहे. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांना ठरावीक मात्रेत बी-६ दिले जाते आणि ते त्यांनी डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांना थायमिन तातडीने लागू शकते. या प्रत्येक ठिकाणी नेमके कोणते, किती आणि कशासाठी हे ठरलेले आहे.

राहिला ‘आयुष्यभर’ हा शब्द. मेटफॉर्मिन आणि तुमचा आहार दोन्ही असेच चालू राहणार असतील, तर तुम्हाला बी-१२ बहुधा कायम घ्यावे लागेल, आणि त्यात भीतीचे काही नाही. ते वर्षानुवर्षे सुरक्षितपणे घेता येते, फक्त वर्षातून एकदा तपासणी व्हावी. पण ते एकटे बी-१२ असावे, आठांचा जोरदार संच नव्हे. आम्लपित्ताच्या गोळीची अजून गरज आहे का, हेही या भेटीत विचारा. ती अचानक सोडली तर आम्ल उसळून येते, म्हणून हळूहळू कमी करायची असते.

बी-६ थांबवल्यावर पहिले काही आठवडे मुंग्या उलट थोड्या वाढू शकतात आणि मग उतरू लागतात. त्या काळात घाबरून पुन्हा बाटलीकडे वळू नका. बी-१२ चे उपचार सुरू झाले तर थकवा काही दिवसांत ते आठवड्यांत हलका होतो. मज्जातंतूंना मात्र कित्येक महिने लागतात. म्हणून आजच एक वही करा आणि दर रविवारी रात्री तारीख घालून लिहा की मुंग्या कुठपर्यंत आहेत : बोटांच्या टोकांशी, तळव्यात की घोट्यापर्यंत. ती वही आणि त्या दोन्ही बाटल्या डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या.